पहिला धडा उघडण्याआधी

मे महिना उतरणीला लागला की महाराष्ट्रातल्या घराघरांत शाळेची तयारी सुरू होते. पुण्यात अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा उरत नाही. तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळच्या दुकानात पुस्तकांच्या संचांसाठी गर्दी होते. दप्तर, वह्या, तपकिरी कव्हरं, नावाच्या चिठ्ठ्या, रेनकोट, डबा, पाण्याची बाटली अशी यादी हातात घेऊन आईवडील फिरत असतात. ज्यांना परवडतं त्यांनी आणखी एक तयारी त्याआधीच उरकलेली असते. नववीची परीक्षा संपल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत दहावीची व्हेकेशन बॅच सुरू होते आणि शाळा उघडेपर्यंत बीजगणिताचे दोन-तीन धडे ‘होऊन’ गेलेले असतात. हे लोण आता खालच्या वर्गांतही उतरलं आहे.

या दोन्ही तयारींमागे माया आहे, काळजी आहे आणि बहुतेक घरांत पोटाला चिमटा घेऊन बाजूला काढलेले पैसे आहेत. त्यांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. पण या सगळ्या धावपळीत एक प्रश्न विचारायचा राहून जातो आणि तो राहिला की बाकीची तयारी बरीचशी वाया जाते. हे मूल आज नेमकं कुठं आहे? मागच्या इयत्तेतलं त्याला काय येतं, काय येत नाही, आणि येतंय असं वाटतं पण प्रत्यक्षात येत नाही असं काय आहे? नव्या वर्षाची खरी तयारी म्हणजे या प्रश्नाचं उत्तर शोधणं आणि त्या उत्तराप्रमाणे वर्षाची सुरुवात करणं. हे काम पालकांचं आहे, शाळेचं आहे, आणि शाळेला त्यासाठी मोकळीक देणं हे सरकारचं आहे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिले तीन आठवडे पाठ्यपुस्तकातला पहिला धडा उघडला नाही तरी चालेल, किंबहुना उघडू नयेच, असं मी पूर्ण विचारांती म्हणते आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. चौथीत जाणाऱ्या मुलाला ५२ मधून २७ वजा करायला सांगा. बरीच मुलं उत्तर लिहितात ३५. घरी त्यावर लाल पेनानं फुली पडते, “लक्ष कुठं असतं तुझं?” हे वाक्य येतं आणि तशाच आणखी वीस वजाबाक्या करायला मिळतात. त्याही तशाच चुकतात. आता फुली मारण्याऐवजी विचारा, “कसं केलंस, मला सांग बरं.” मूल सांगतं, “सातातून दोन गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन.” म्हणजे लक्ष जागेवरच होतं. त्यानं मनाशी एक नियम पक्का केला आहे: मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, मग तो वर असो की खाली. बिनहातच्याच्या वजाबाक्यांत हा नियम दर वेळी बरोबर ठरत आला, म्हणून तो पक्का झाला. वीस वजाबाक्या करून तो मोडत नाही. उलट आणखी घोटला जातो.

आता त्याच मुलाच्या हातात बावन्न रुपये द्या. दहाच्या पाच नोटा आणि दोन रुपयांचं एक नाणं. म्हणा, “यातून मला सत्तावीस रुपये दे.” ते दोन नोटा चटकन काढून देतं, मग नाण्याकडे पाहतं, अडतं आणि म्हणतं, “दहाचे सुटे लागतील.” सगळी हातच्याची वजाबाकी त्या एका वाक्यात आहे. पुस्तकात ज्याला दशक सुटा करणं म्हणतात, ते या मुलानं स्वतःच्या डोक्यानं शोधलं आहे. सुटे मिळाले की ते बरोबर सत्तावीस देतं आणि हातात पंचवीस उरलेले पाहतं. कागदावरचे ३५ आणि हातातले २५ शेजारी ठेवले की काहीतरी बिनसलं आहे हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. हे मूल गणितात कच्चं नाही. त्याच्यापाशी समज आहे आणि कागदावरची रीतही आहे. दोन्हींमधला सांधा जुळायचा राहिला आहे.

तो सांधा न जुळवता त्याला चौथीत बसवलं तर काय होतं? चौथीत मोठे भागाकार येतात. भागाकाराच्या प्रत्येक पायरीत एक वजाबाकी असते. म्हणून भागाकार चुकतात. मग सगळे म्हणतात, ‘याला भागाकार जमत नाहीत,’ आणि भागाकाराची शिकवणी लागते. दुखणं दुसरी-तिसरीतलं, औषध चौथीचं. दोन वर्षांनी अपूर्णांकात हेच होतं आणि आठवीत बीजगणितात. ‘गणित माझा विषयच नाही’ असं म्हणणाऱ्या कितीतरी मोठ्या माणसांची गोष्ट अशाच एखाद्या न जुळलेल्या सांध्यापासून सुरू झालेली असते.

वाचनाचंही तसंच आहे. तिसरीत जाणारी मुलगी धडा घडाघडा म्हणून दाखवते आणि घरचे खूश होतात. तिला त्याच पानावरचा मधलाच एखादा शब्द बोट ठेवून विचारा. ती ओळीच्या सुरुवातीपासून म्हणत येते, कारण धडा तिला पाठ आहे, वाचता येत नाही. मराठीत जोडाक्षरांची वाट मुळातच अवघड असते. सूर्य, चंद्र, राष्ट्र या तीन शब्दांत ‘र’ तीन रूपांत येतो: एकदा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, एकदा अक्षराला चिकटलेल्या तिरक्या रेघेत, एकदा खाली टोपीसारखा. मोठ्यांच्या डोळ्यांना हे कधीच सवयीचं झालेलं असतं, म्हणून त्यात शिकण्यासारखं काही आहे हेच आपण विसरतो. ज्या मुलीला हे उमगलेलं नाही ती चित्रावरून आणि मागच्यापुढच्या शब्दांवरून अंदाज बांधते. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात पर्जन्य, प्रदेश, प्रदूषण असे शब्द ओळीनं आले की अंदाज चालत नाही. मग ती ‘परिसर अभ्यासात मागे’ ठरते. तिची गाठ आहे जोडाक्षरात.

मूल नेमकं कुठं अडतं, हा प्रश्न जाहीर चर्चेतूनही किती सहज निसटतो, हे २०१९ साली दिसलं होतं. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची ‘पन्नास दोन’ अशी पद्धत ‘बावन्न’च्या जोडीनं दिली गेली आणि राज्यभर गदारोळ झाला. बावन्न म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि लिहिताना पाच आधी लिहावे लागतात, म्हणून कितीतरी मुलं बावन्न ऐकून २५ लिहितात. ही अडचण खरी आहे, रोज वर्गात दिसणारी आहे. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकरांनी त्या बदलामागची भूमिका शांतपणे, पुन्हापुन्हा समजावून सांगितली. तो उपाय योग्य होता की नाही यावर मतभेद होऊ शकतात. पण वाद भाषेच्या अभिमानावर गेला आणि सात वर्षांच्या मुलाला काय अवघड जातं, हा मूळ मुद्दा मागे पडला.

साधनं पुरवली की शिकणं आपोआप होतं, ही आपली समजूत जगात इतरत्रही तपासली गेली आहे. नव्वदच्या दशकात केनियातल्या ग्रामीण शाळांना मोफत पाठ्यपुस्तकं देऊन त्याचा परिणाम मोजण्यात आला. सर्वसाधारण मुलांच्या गुणांत फरक पडला नाही. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. कारण उघड होतं. पुस्तकं इंग्रजीत होती, बऱ्याच मुलांची ती तिसरी भाषा होती आणि पुस्तकाची पातळी मुलांच्या पातळीच्या खूप वर होती. आपल्याकडे पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत पाठ्यपुस्तकं मिळतात. ते अत्यंत आवश्यक आहे आणि ती वेळेवर मिळायलाच हवीत. पण पुस्तक हातात पडणं आणि पुस्तक वाचता येणं यांत जे अंतर आहे, ते पुस्तक स्वतः भरून काढत नाही.

ते अंतर कशानं भरतं, याचाही पुरावा आहे आणि तो आपल्या मुंबईतून आला आहे. ‘प्रथम’ या संस्थेनं मुंबई आणि वडोदऱ्यातल्या महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नावाचा उपक्रम चालवला. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी रोज सुमारे दोन तास वेगळं घेऊन बसायची आणि पहिली-दुसरीचं वाचन व गणित त्यांना येतं तिथपासून शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाचा परिणाम काटेकोरपणे मोजला. मुलांच्या शिकण्यात ठळक सुधारणा दिसली आणि सगळ्यांत जास्त ती मागे असलेल्यांत दिसली. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात या प्रयोगाचाही वाटा आहे. शिकवणाऱ्या मुलींपाशी मोठ्या पदव्या नव्हत्या, महागडी साधनं नव्हती. मूल जिथं होतं तिथून त्या सुरुवात करत होत्या.

याउलट व्हेकेशन बॅच मूल कुठं आहे हे न पाहता त्याला पुढे नेते. ज्या मुलाचं मागचं पक्कं आहे, त्याला तिचा फारसा उपयोग नसतो, कारण ते शाळेतही शिकलंच असतं. आता जूनमध्ये तेच धडे दुसऱ्यांदा ऐकताना ते कंटाळतं. ज्याचं मागचं कच्चं आहे, त्याच्यावर कच्च्यावर आणखी कच्चं चढतं. शिवाय एक धोका दोघांनाही असतो. ‘हे झालंय आपलं’ अशी भावना तयार होते, आणि ज्या मुलाला आपल्याला येतं असं वाटतं ते विचारायचं थांबतं. पालक म्हणतात, सगळेच पाठवतात, आपलं एकटं मागे नको पडायला. ही भीती खोटी नाही. पण सगळेच दोन महिने आधी निघाले तर कोणीच पुढे जात नाही. मुलांची सुटी तेवढी जाते.

शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. मृग लागला म्हणून तो तिफण बाहेर काढत नाही. मातीत हात घालून वाफसा आला का ते पाहतो. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं कृषी विभागही दर जूनमध्ये सांगतो. घाईनं पेरलं आणि पावसानं ओढ दिली की दुबार पेरणीची वेळ येते. शाळेत मात्र आपण तारीख बघून पेरतो आणि दुबार पेरणीला शिकवणी म्हणतो.

काही मुलांसाठी तर ही तारीख फारच निर्दय आहे. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून ऊसतोड कामगारांच्या जोड्या दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला कारखान्यांवर जातात. मागे सांभाळायला कोणी नसेल तर मुलंही बरोबर जातात. कारखान्याचा पट्टा पडतो तो मार्च-एप्रिलमध्ये. ही मुलं गावात परततात तेव्हा शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, कारखान्याजवळच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. जिथं या गोष्टी मनापासून राबवल्या गेल्या तिथं मुलांचं वर्ष वाचलं आहे. जिथं नाही, तिथलं मूल तिसरीत जेमतेम चार-पाच महिने बसून जूनमध्ये चौथीच्या बाकावर येतं. त्याच्यापुढे चौथीचा पहिला धडा उघडून ठेवणं म्हणजे ‘तू इथला नाहीस’ असं त्याला सांगणं आहे. ते मूल कधी शाळा सोडतं हे आपण हजेरीपटावर शोधतो. खरं तर ते त्याच सकाळी निम्मं सुटलेलं असतं.

आता शाळेकडे वळू. एप्रिलच्या अखेरीस प्रत्येक मुलाच्या हातात प्रगतिपुस्तक पडतं. त्यात अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी असतात. जूनमध्ये नव्या वर्गशिक्षकांना त्या मुलाबद्दल मिळते ती एवढीच माहिती. ब-१ मिळालेल्या मुलीला हातचा कळत नाही की घड्याळ वाचता येत नाही, की तिला सगळं येतं पण ती लिहायला लागली की घाबरते, यातलं काही ब-१ या दोन अक्षरांवरून समजत नाही. नेमकं हे समजावं म्हणून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना उत्तम होती. पण प्रत्येक मुलाची, प्रत्येक विषयाची नोंद लिहिण्याचा भार एवढा झाला की तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या. ‘स्वाध्याय वेळेवर पूर्ण करतो’, ‘वर्गकार्यात उत्साहाने सहभागी होतो’ अशी वाक्यं नावापुढे चिकटवली गेली. ज्या नोंदीत मूल दिसायला हवं होतं, त्या नोंदीतूनच ते नाहीसं झालं.

यात शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाची कर्तव्यं सांगितली आहेत. त्यात ठरलेल्या वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणं आहे, तसंच प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे त्याला जादा शिकवणं हेही आहे. दोन्ही कर्तव्यं एकाच कायद्यात, एकाखाली एक आहेत. पण केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी शाळेला भेट देतात तेव्हा विचारलं काय जातं? कितवा धडा चालू आहे, मासिक नियोजन कुठं आहे, माहिती ऑनलाइन भरली का. ‘या वर्गात वाचता न येणारी मुलं कोणती आणि त्यांच्यासाठी तुम्ही काय करता आहात’ हा प्रश्न पहिला आला, तर वर्गातलं काम आपोआप त्या दिशेनं वळेल. माणसं जे विचारलं जातं त्याची तयारी करतात; शिक्षकही त्याला अपवाद नाहीत.

मुळात हे आपल्याला येत नाही अशातला भाग नाही. कोविडमध्ये शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या, तेव्हा २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यात पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास आखला गेला. मागच्या इयत्तेतल्या आवश्यक गोष्टींची उजळणी, मध्ये मध्ये चाचण्या आणि मग नवं पुस्तक. म्हणजे मागचं पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे शासनानं तेव्हा लेखी मान्य केलं होतं. संकट टळलं म्हणून ते तत्त्व मागे ठेवण्याचं कारण नाही. उसाच्या फडातून आलेल्या मुलासाठी, वर्षभर आजारी राहिलेल्या मुलीसाठी, वडिलांची बदली झाल्यामुळे दुसऱ्या माध्यमातून आलेल्या मुलासाठी प्रत्येक जून हा शाळा बंद राहिल्यानंतरचाच जून असतो. मात्र एक काळजी घ्यावी लागेल. चाचणी घेतली, गुण भरले, तक्ता वर पाठवला आणि वर्गात पुस्तक पहिल्या पानापासूनच सुरू झालं, असं होता कामा नये. तपासणीनंतर शिकवणं बदलणार नसेल तर तपासणी करू नये. मुलांना आणखी एका परीक्षेची गरज नाही.

हे आत्ताच का करायला हवं, याला आणखी एक कारण आहे. केंद्रानं २०१९ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रानं पाचवी व आठवीत वार्षिक परीक्षा आणली. पुनर्परीक्षेतही मूल उत्तीर्ण झालं नाही तर ते त्याच वर्गात ठेवता येतं. दुसरीत राहून गेलेल्या गोष्टीची किंमत मूल आता पाचवीत मोजणार आहे. त्याला नापास करण्याचा अधिकार व्यवस्थेनं घेतला असेल, तर ते कुठं अडलं हे वेळेत पाहण्याची जबाबदारीही तिनं घेतली पाहिजे.

या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात आणि ते गंभीरपणे घ्यायला हवेत.

पहिला: तीन आठवडे असे गेले तर पोर्शन कसा पुरा होणार? मी उलट विचारते, आज तो कोणाचा पुरा होतो? शिक्षकाच्या टाचणवहीत होतो. वर्गातल्या निम्म्या मुलांना धडा पोहोचलेलाच नसेल तर तो शिकवून झाला असं कसं म्हणायचं? ज्यांची वजाबाकी जूनमध्ये नीट झाली त्यांना भागाकाराला लागणारा वेळ कमी होतो. जूनमध्ये दिलेला वेळ दिवाळीपर्यंत वसूल होतो.

दुसरा: यातून मुलांवर शिक्के बसतील. हुशार एका बाजूला, ढ दुसऱ्या बाजूला. हा धोका खरा आहे आणि मला तो सगळ्यांत मोठा वाटतो. म्हणून गट विषयाप्रमाणे असावेत, दिवसातल्या एखाद्या तासापुरते असावेत आणि मूल पुढे गेलं की त्याच आठवड्यात बदलावेत. वाचनात मागे असलेलं मूल तोंडी हिशेबात सगळ्यांच्या पुढे असू शकतं. आठवडी बाजारात आईबरोबर भाजी विकायला बसणाऱ्या मुलांत हे नेहमी दिसतं. ‘याला काय येतं’ हे आधी नोंदवायचं आणि ‘काय राहिलं’ हे नंतर, एवढा क्रम पाळला तरी शिक्का बसण्याचं भय बरंच कमी होतं.

तिसरा आक्षेप पालकांचा असतो. आम्ही दिवसभर कामावर, आमचं शिक्षण बेताचं, आम्हाला हे कसं जमणार? इथं मला राज्यातल्या एका चांगल्या कामाचा उल्लेख करायचा आहे. २०२२ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळांमध्ये ‘पहिले पाऊल’ या नावानं शाळापूर्व तयारी मेळावे भरतात. मूल आईवडिलांबरोबर येतं, एकेका टेबलाशी उड्या मारतं, रंग ओळखतं, वस्तू मोजतं, चित्र पाहून बोलतं. आणि त्याला काय जमलं, काय घरी करून घ्यायचं, ते पालकांना समजावून सांगितलं जातं. मग वस्तीतल्या आयांचे गट सुटीत मुलांकडून त्या कृती करून घेतात. भाकरी थापताना गोळे मोजायचे, कडधान्यं निवडताना वेगवेगळी करायची, गोष्ट सांगायची आणि मुलाकडून ऐकायची. यातल्या कितीतरी आया फार शिकलेल्या नाहीत. त्यांचं काही अडत नाही, कारण मुलाला काय येतं हे पाहायला पदवी लागत नाही. ही कल्पना पहिलीच्या उंबऱ्यावर थांबायला नको. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवीच्या मुलांनाही असा एक दिवस मिळायला हवा.

पहिलीच्या बाबतीत तर हे पाहणं फारच गरजेचं आहे. आपल्याकडे ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल पहिलीत बसू शकतं. म्हणजे जूनमध्ये एकाच बाकावर साडेपाच वर्षांचं आणि साडेसहा वर्षांचं मूल शेजारी शेजारी असू शकतं. त्या वयात एक वर्ष म्हणजे आयुष्याचा जवळजवळ सहावा हिस्सा. लहान असलेल्या मुलाची बोटं पेन्सिलवर अजून स्थिरावलेली नसतात, त्याला एका जागी बसवत नाही, आणि आपण लगेच म्हणतो की ते मागे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा मुलं बालवाडीत येईनात. म्हणून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणात शाळा भरवली. मुलानं शाळेच्या मापाचं होऊन यावं, असा हट्ट त्यांनी धरला नाही. महाराष्ट्राच्या बालशिक्षणाचा पाया असा घातला गेला आहे. आपण त्याला जागायला हवं.

तर मग सुटीच्या शेवटच्या पंधरा दिवसांत घरी काय करावं? मागच्या वर्षीच्या वह्या रद्दीत देण्याआधी मुलाला जवळ घेऊन चाळाव्यात. त्या वह्यांइतका खरा अहवाल कुठल्याही प्रगतिपुस्तकात नसतो. कोरी पानं फाडून रफ वही शिवायची ती नंतर शिवावी. आधी भरलेली पानं पाहावीत. कुठं अक्षर घाईत आलं आहे, कुठं फळ्यावरून नुसतं उतरवलं आहे, कोणती चूक जुलैपासून मार्चपर्यंत तशीच आहे, ते दिसतं. रोज दहा मिनिटं मुलाकडून काहीतरी नवं, पाठ नसलेलं मोठ्यानं वाचून घ्यावं. वर्तमानपत्रातली बातमी, बसची पाटी, औषधाच्या खोक्यावरची सूचना, काहीही. चूक झाली की ‘कसं केलंस?’ एवढंच विचारावं आणि उत्तर पूर्ण ऐकावं. झोपेची वेळ हळूहळू अलीकडे आणावी, कारण सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते आणि पेंगुळलेल्या मुलाला कोणतीही तयारी उपयोगी पडत नाही. आणि जे दिसलं ते दोन-तीन वाक्यांत लिहून पहिल्या आठवड्यात वर्गाच्या बाईंना किंवा सरांना नेऊन द्यावं. तक्रार म्हणून देऊ नये. ‘हे आम्हाला दिसलं, तुम्हाला काय दिसतं?’ असं विचारत द्यावं.

शाळेकडूनही फार मोठ्या गोष्टींची अपेक्षा नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जुन्या आणि नव्या वर्गशिक्षकांनी एक दुपार एकत्र बसावं आणि प्रत्येक मुलाबद्दल चार खरी वाक्यं बोलावीत. जूनमध्ये शिक्षकानं प्रत्येक मुलाला एकेकटं जवळ बसवून पाच मिनिटं वाचायला लावावं, दोन हिशेब तोंडी विचारावेत. तीस-चाळीस मुलांचा वर्ग असेल तर हे काम आठवड्याभरात होतं. पुढचे दोन आठवडे जे सापडलं त्यावर द्यावेत. सरकारनं या तीन आठवड्यांत माहिती मागवणारं एकही परिपत्रक काढू नये, पुस्तकं आणि गणवेश त्याआधी पोहोचवावेत आणि हे आठवडे अभ्यासक्रमाच्या नियोजनात अधिकृतपणे धरावेत. यात पैशाचा प्रश्न जवळपास नाहीच. आपण कशाला महत्त्व देतो, एवढाच प्रश्न आहे.

जूनमधल्या पहिल्या पालकसभेत आपण फी, गणवेश आणि बसच्या वेळा विचारतो. ते विचारलंच पाहिजे. त्याबरोबर यंदा आणखी एक विचारावं: माझं मूल कुठं अडलं आहे, आणि ते सोडवायला शाळा या महिन्यात किती वेळ देणार आहे? आणि उत्तरात ‘पोर्शन’ हा शब्द आला, तर तेवढ्यावर उठू नये. मूल आपलं आहे, वर्ष त्याचं आहे, आणि ते जिथं उभं आहे तिथून सुरू होण्याचा त्याला हक्क आहे.